सिल्वासातली धर्मसुधारणा

नव्वद सालच्या आसपास मी सिल्वासाच्या मराठी शाळेत इतिहास शिकवत होते. नोकरीसाठी कोकणातून आलेली, एकटी. एका कॅथलिक विधवा बाईंच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणे, म्हणून मीही म्हणायचे. त्या पोर्तुगीज अमलात लहानाच्या मोठ्या झालेल्या. संध्याकाळची रोझरी, म्हणजे येशूच्या मातेची माळेवरची प्रार्थना, त्या पोर्तुगीजमध्येच म्हणत. मी एकदा अर्थ विचारला तर म्हणाल्या, "अर्थ मातेला कळतो, मला कशाला?"

त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं जवळच्या गलोंडा गावातल्या कंपनीत पॅकिंगला असलेल्या मुलीवर मन बसलं. मुलगी नवापूरकडची, ख्रिस्तीच. मी म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. पण त्याच संध्याकाळी आंटी माझ्या दारात येऊन धपकन बसल्या.

"पोरगी प्रोटेस्टंट हाय, टीचर."

"मग? येशू एकच ना?"

पाढा चुकलेल्या पाचवीतल्या मुलाकडे टाकावी तशी त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. "तुमी इतिहास शिकवता ना? मग सांगा, ते लोक आमच्यातून का गेले?"

नेमका तेव्हा नववीला युरोपातल्या धर्मसुधारणेचा धडा चालू होता. मला तर कुणी विचारायचाच अवकाश! पापमुक्तीची पत्रं विकणाऱ्या धर्मगुरूंना जर्मनीतल्या एका संन्याशाने कसा जाब विचारला, बायबल लॅटिनमधून लोकांच्या बोलीत कसं आलं, छापखान्यांनी ते घरोघर कसं नेलं, मग राजे कसे भांडले, सगळं सांगितलं. वर्गात मुलं जांभया देत. आंटी मात्र डोळे वटारून ऐकत होत्या. शेवटी मी परीक्षेतल्या उत्तरासारखा समारोप केला, "थोडक्यात, त्यांना देवाशी थेट बोलायचं होतं."

"म्हणजे आमी काय आडून बोलतो?" आंटी उठल्याच. "एवढ्या वर्षांपूर्वी घर सोडून गेले, तर आता माझ्या घरात कशाला येतात?"

घ्या! करायला गेले एक. आधी आंटी नुसत्या नाराज होत्या, आता युरोपातल्या लढाया आमच्या गल्लीत आल्या. मुलगी कॅथलिक झाली तरच लग्न, अशी अट त्यांनी घातली. मुलगी म्हणाली, मी आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडणार नाही. आंटींच्या चर्चचे फादर दोघांना म्हणाले, बिशपची परवानगी मिळवू, आईची तेवढी तुम्ही मिळवा. मुलगा दोघींच्या मध्ये वाळत चालला. मला त्याची दया यायची आणि आंटींचा सणसणीत राग.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. त्यात एका संध्याकाळी आंटींकडे शेजारपाजार प्रार्थनेला जमे आणि नंतर उकडलेले चणे वाटले जात. त्या वर्षी मुलाने हट्टाने त्या मुलीला बोलावलं. ती आली, मागे बसली, आंटींची उठबस पाहत राहिली. माळ हातात घेतली नाही, मातेच्या मूर्तीपुढे वाकलीही नाही. आंटींच्या कपाळावरची आठी रोझरी संपेपर्यंत हलली नाही. मग त्या वळून म्हणाल्या, "तुमचं पण काय असेल की. म्हण!"

टोमणाच होता तो. पण तिच्या मंडळीत प्रार्थना पाठ नसतेच. ज्याने त्याने मनातलं बोलायचं. तिने डोळे मिटले.

"हे बापा, ह्या मायना गुडघा भलता दुखस. उठताना भिताडले धरस, पन कोनले सांगत नई. तिना धनी गया तवपाईन ती एकलीच सगळं करस. तिले एकलं वाटू देऊ नको. आमेन."

कुणी चणे मागितले नाहीत. आंटींचा हात आपसूक गुडघ्यावर गेला.

"देवाला माझा गुडघा सांगितलास?"

"दुखस ना?"

"असं काय पन सांगितलेलं चालतं?"

"चालस. घरना मानूसशी बोलतस ना, तसं."

आंटी मूर्तीकडे वळल्या. सवयीने दोन पोर्तुगीज शब्द निघाले आणि थांबले. साठीच्या या बाईला देवापुढे आपलं बोलणं सुचत नव्हतं, ओठ नुसते हलत होते.  ते पाहून इतक्या दिवसांचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

"माते," त्या अडखळत म्हणाल्या, "ही पोरगी हट्टी हाय. मी पन हट्टी हाय. पन तिला माझ्या घरात येऊ दे. मला... मला ती पायजे."

चण्याचं पातेलं धरलेला मुलगा तसाच रडत उभा होता. मुलीने पदर डोळ्यांना लावला. पुढचं म्हणायचं कुणाला सुचेचना, तेव्हा कधी नव्हे ते मीच म्हणाले, "आमेन."