दिपेशची पाठ

मानपाड्याच्या दिपेश भोईरला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ज्युदो शिकायची हुक्की आली. पंधरा वर्षं जिमला जात होता, एकशेवीस किलोचं बेंच मारायचा, गावात कुणाचं कपाट हलवायचं झालं की पहिली हाक यालाच. माणसाने तेवढ्यावर खूश राहावं ना? पण नाही, साहेबांना दोन्ही पाहिजे होतं.

झालं काय, सोमवारी छाती-खांदे मारून मंगळवारी क्लासला गेला की हात लाकडासारखे. समोरच्याने धरलं की हा आणखी ताठ. शिकवणारी जागृती त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तोंडाची फटकळ. तिने वेळापत्रकच लावून दिलं: वजनं दोन दिवस, ज्युदो तीन, आणि परीक्षेच्या आधीचे चार दिवस जिमचं तोंडही बघायचं नाही. बेंच शंभरावर उतरलं तेव्हा बिचारा दोन दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. पण खांदे मोकळे झाले आणि हळूहळू डाव बसायला लागले.

एकच गोष्ट जमेना, ती म्हणजे पडणं. पिवळ्या पट्ट्यासाठी जागृतीच्या परीक्षेत जोडीदाराचे बारा डाव अंगावर घ्यायचे होते. जोडीदार नयन, बँकेतला कारकून, जेमतेम साठ किलोचा. दिपेश ताठला की नयनचा डाव फसणार आणि नापास होणार नयन. हे दिपेशला कळायचं हो, पण ऐन वेळी अंग ऐकायचं नाही. कारण घरी होते बाबा, गोमाजी. जत्रेतल्या कुस्त्या बघत म्हातारे झालेले. आपल्या दिप्याची पाठ कुणी मातीला लावली नाही, हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवून ठेवलेलं.

परीक्षेच्या दिवशी तर कहरच झाला. गोमाजींना वाटलं, कुस्तीच आहे. हार-नारळ आणि आळीतली आठ माणसं घेऊन ते पहिल्या रांगेत येऊन बसले. दिपेशचे खांदे पुन्हा ताठले. समोर नयनने येऊन त्याची कॉलर धरली. त्या पोराने वर्षभर ऑफिस सुटल्यावर धावतपळत येऊन घाम गाळलेला. दिपेशला स्वतःचीच लाज वाटली. त्याने श्वास सोडला, अंग सैल केलं.

धप्प! पाठ सपशेल गादीवर. आळीवाले एकमेकांकडे बघायला लागले. दिपेश उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. असं बारा वेळा. नंतर त्यानेही नयनला नीट आपटलं आणि दोघंही पास झाले. पण हार पिशवीतून बाहेर काही आला नाही.

रिक्षात गोमाजी हाराची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. आता बाप आपल्याला गावात तोंड दाखवू देणार नाही, असं दिपेश धरूनच चालला होता. घरी ओटीवर टेकल्यावर म्हातारा म्हणाला,

"बारा वेला परलास. लागला नाय तुला?"

"नाही बाबा. तेच तर शिकवतात. न लागता पडायचं."

गोमाजींनी स्वतःचे गुडघे चोळले.

"मंग मना पन शिकव. मोरीन जाताना भ्या वाटतं."

बापाच्या तोंडून भीतीचा शब्द दिपेशने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो उठला. आत जाऊन घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या ओढत ओटीवर घेऊन आला.