फॉर्ममध्ये नसलेला कॉलम

परळच्या एका इस्पितळातले पोटाचे डॉक्टर आमच्या लालबागच्या चाळीत बद्धकोष्ठतेवर संशोधन करायला आले होते, तेव्हा मजल्यावरच्या बायकांचे फॉर्म मीच भरून दिले. पाणी किती पिता, पालेभाजी किती खाता, असे पानभर प्रश्न होते. आई म्हणाली, "पाणी कमीच पिते मी. प्यायलं की जावं लागतं."

गॅलरीच्या टोकाला अख्ख्या मजल्याला मिळून तीन संडास. सकाळी कामावर जाणाऱ्यांचा नंबर आधी, हा चाळीचा जुना नियम. घरातल्या बायकांचा नंबर लागेपर्यंत कळ जिरून गेलेली असते. हे मी डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, "त्याला फॉर्ममध्ये कॉलम नाहीये."

गेल्या महिन्यात त्यांचा लेख इंग्रजीत छापून आला. तो वाचून माझं डोकंच फिरलं. म्हणे, या बायका पाणी कमी पितात, कारण त्यांना आरोग्याचं भान नाही! अहो, माझी आई तहान लागली तरी विचार करून घोट घेते. आणखी किती भान ठेवायचं तिने? संडासाबद्दल सगळ्या लेखात एक ओळ नाही.

आईला मी मराठीत सगळं समजावून सांगितलं. ती चिडली नाही.

"त्या दिवशी डॉक्टरांना मध्येच जायचं होतं, आठवतं?" ती म्हणाली. "आपल्या संडासाचं दार उघडलं आणि तसेच मागे फिरले. परळपर्यंत दाबून धरूनच गेले असतील. त्यांनाही भान नव्हतं म्हणायचं."