मांजरांचं दूध

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी सोलापुरात कॉलेजला होतो. वाटेवर, पूर्व भागातल्या कापड विणणाऱ्या मागांच्या एका कारखान्याच्या दारात एक म्हातारी रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरत बसलेली असायची. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. ती राहायचीही तिथंच, सुताच्या खोलीत, मालकाच्या मांजरांबरोबर. सुताला तांदळाची खळ लावलेली असते, ती खायला उंदीर येतात, म्हणून ती मांजरं पाळलेली. त्यांच्या केसांनी तिचे डोळे सुजायचे, छाती भात्यासारखी वाजायची. नाकावर पदर घट्ट बांधून ती काम करायची.

"मावशी, मांजरं बाहेर काढायला सांगा की," मी एकदा म्हणालो.

"सांगितलं की. मालक म्हणतो, तूच जा बाहेर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विड्या वळून मला शिकवणारी माझी आईही अशीच खोकायची.

मालक रोज सकाळी मांजरांसाठी तांब्याभर दूध आणायचा आणि विचारायचा, "मांजरं बरी हायत का?" तिला कधी काही विचारायचा नाही. एकदा माझ्यासमोरच तिनं खोकत खोकत तो तांब्या उचलला, आपल्या कोऱ्या चहात दूध ओतलं आणि घोट घेतला.

"अगं, मांजरांचं हाय ते!" मालक ओरडला.

"मांजरं बरी हायत," ती म्हणाली. "आता मला विचार."

मालक काही न विचारता आत सूत बघायला गेला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.