वर्षाराणीनं काढलेली वायर

आमच्या बिल्डिंगमधली सगळ्यात गोड बोलणारी बाई कोण, असं कुणालाही विचारा, वर्षाराणीचंच नाव निघेल. मी तिच्या समोरच्याच दारात राहते, म्हणून मला विचारलंत तर मी जरा थांबून उत्तर देईन. बोलते गोड, यात वाद नाही. पण ही बाई कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही, आणि त्यापायी गेल्या उन्हाळ्यात तिच्या हातून जे झालं ते आठवलं की आजही तिचा चेहरा उतरतो.

ती मूळची सांगोल्याकडची. नर्सिंग करून लग्न झालं आणि बोईसरला आली. नवरा मनीष तारापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर, ही गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. पहिल्या वर्षी जिन्यात सुकटीचा वास आला तरी पदर नाकाला जायचा, आता कोळणीच्या पाटीतले बोंबील उलटेपालटे करून घेते. स्वभाव मात्र होता तसाच राहिला. तळमजल्यावरच्या गोजराबाई वेळीअवेळी बीपी मोजायला येतात. त्यांना ‘आज नको’ म्हणणं हिला जमत नाही. ‘या ना मावशी’ म्हणते, मग नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहते, आणि मावशी कंटाळून निघून गेल्या की बाहेर येते. वर दुसऱ्या दिवशी हीच त्यांना विचारते, ‘काल का नाही थांबलात?’

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं शिफ्टवाल्यांची. नाइट करून आलेलं माणूस झोपलं की दाराच्या कडीला नॅपकिन बांधायचा, अशी इथली रीत आहे. नॅपकिन दिसला की बेल वाजवायची नाही, जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही, मुलांनी बॅट घेऊन खाली जायचं. सोसायटीचे छापील नियम कुणी वाचतसुद्धा नाही, हा मात्र सगळे पाळतात.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि मनीषनं वडलांना, भगवंत आण्णांना, गावाहून इथं आणलं. आण्णांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावलं तर डोकं दुखतं. तालुक्यातल्या एकेका मल्लाचं नाव पाठ असलेला माणूस, पण इथं कुणाशी बोलणार? मग मनीषनं शक्कल काढली. त्याच्या होम थिएटरच्या डब्याला हेडफोन जोडून दिला, आवाज पुरता वाढवून दिला. त्या डब्यातून कुस्तीचं समालोचन थेट आण्णांच्या कानात शिरायला लागलं आणि घरात दुसऱ्या कुणाला त्रास नाही. पहिल्या दिवशी आण्णा इतके खूश झाले की माझ्या दारात येऊन ओरडून म्हणाले, ‘पोरी, मला ढोलकं ऐकू आलं!’

आण्णांनी नॅपकिनची रीतही लगेच उचलली. सकाळी वर्षाराणी ड्यूटीवरून येऊन झोपली की ते स्वतः कडीला नॅपकिन बांधत आणि दार अर्धं उघडं ठेवून टीव्हीपुढे बसत. कुरिअरवाला जिन्यात दिसला की हेडफोन काढून, तोंडावर बोट ठेवून पुढे जात. आम्ही हसायचो. सून झोपलीय म्हणून पहारा देणारा सासरा मी तरी आधी पाहिला नव्हता.

मग त्या डब्यातला पंखा आवाज करायला लागला. यंत्र तापू नये म्हणून आत एक लहानसा पंखा असतो, त्याचं बेअरिंग गेलं. सुरुवातीला घरघर, मग डब्यात खडे घालून हलवल्यासारखा खडखडाट. टीव्हीची भिंत आणि झोपायच्या खोलीची भिंत एकच. आण्णांच्या कानावर हेडफोन, शिवाय कान असे, त्यांना त्या आवाजाचा पत्ताच नाही. मनीष दिवसभर कंपनीत. म्हणजे तो आवाज अख्ख्या घरात एकटी वर्षाराणी ऐकत होती, तेही रात्रभर वॉर्डात उभी राहून आल्यावर.

वाणगावचा कमलेश टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतो, त्याला तिनं बोलावलं. त्यानं झाकण उघडून तेलाचा थेंब सोडला. दोन दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. तो पुन्हा आला आणि म्हणाला, ‘ताई, पंखाच बदलाया लागंल. इथं नाय मिलत, मुंबईवरून मागवतो. तवर चालवा, आवाज तेवढा हाय. पन पंख्याच्या वायरची ही पांढरी पिन काढू नका. पंखा बंद झाला का डबा तापतो, अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो.’

पंखा काही येईना. वर्षाराणीच्या डोळ्यांखाली काळं आलं. ड्यूटीवर खुर्चीत डुलकी लागली आणि सगळ्यांसमोर इन्चार्ज सिस्टरची बोलणी खावी लागली. मी तिला म्हटलं, ‘अगं, सांग ना आण्णांना. दुपारपर्यंत नका लावू म्हणावं.’ ती म्हणाली, ‘तेवढी एकच करमणूक आहे हो त्यांची. कसं सांगू?’

सांगितलं नाहीच. केलं मात्र. एका सकाळी आण्णा आंघोळीला गेले असताना तिनं झाकण सरकवलं, पांढरी पिन उपसली आणि झाकण होतं तसं लावून ठेवलं. म्हणजे आण्णांना एका शब्दानं दुखवायचं नाही म्हणून त्यांचा आवाजच तोडला. याला चांगुलपणा म्हणायचं की भित्रेपणा, हे मी तिला पुढे विचारलं.

अर्ध्या तासानं डबा बंद पडला. आण्णांनी चारदा बटण दाबलं. ती उठल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा ही म्हणाली, ‘जुना झालाय आण्णा, तापतो. राहू द्या थोडा वेळ.’ आण्णांनी मान हलवली. त्या दिवशी ती मेल्यासारखी झोपली होती, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून शांतता असूनही झोप लागेना, कारण भिंतीपलीकडे आण्णा नुसते बसलेत हे तिला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती पाणी प्यायला उठली. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. आण्णा जमिनीवर, डब्याला अगदी खेटून बसले होते. कानावर हेडफोन, नजर कुस्तीवर, आणि हातात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यानं ते डब्याला वारा घालत होते. उजवा हात दुखला की डावा. अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटलेला. छताचा पंखा त्यांनी बंद ठेवला होता, त्याच्या आवाजानं सून जागी होईल म्हणून. मे महिना होता.

ती मागच्या मागे खोलीत गेली. ‘त्या क्षणी जाऊन पिन लावायला हवी होती,’ असं ती मला म्हणाली, ‘पण मग काय सांगणार होते, पंखा कसा सुरू झाला?’ एक खोटं निस्तरायला दुसरं सुचेना.

संध्याकाळी जेवताना मनीषनं विचारलं, ‘होम थिएटरचं काय झालं? कमलेशला परत बोलवू का?’

वर्षाराणी काही बोलायच्या आत आण्णा म्हणाले, ‘त्याला कशाला बलवतूस? माझ्याच हातनं बिघाडलंय ते. दीस दीस चालू ठिवलं, मशिनीला इसावा न्हाई दिला. तुझी म्हागाची वस्तू, मला अक्कल पायजे हुती.’

मनीष दमून आला होता. तो म्हणाला, ‘आण्णा, मी सांगितलं होतं ना, सारखं लावून ठेवू नका म्हणून.’

‘चुकलंच,’ आण्णा म्हणाले.

वर्षाराणी भात वाढत होती. एक वाक्य बोलायचं होतं, ते तिच्यानं बोलवलं नाही. आपल्यासाठी घामाघूम होणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं आपल्या डोळ्यांदेखत मुलाची माफी मागितली आणि आपण त्याच्या ताटात भात वाढला, हे ती स्वतःला माफ करू शकत नाही. मीही तिला उगाच ‘जाऊ दे’ म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्यूटीवरून आली. आण्णांनी नॅपकिन बांधला. जिना शांत झाला. मी भाजी निवडत होते.

आणि त्या घरातून, जिथं आवाज होऊ नये म्हणून सगळी बिल्डिंग दबकून चालते, वर्षाराणीचा आवाज आला. ‘आण्णा, वायर मी काढली!’

आण्णांना कळलं नाही. ‘आँ? काय म्हनतीस?’

बहिऱ्या माणसाकडे चूक कबूल करायची म्हणजे ती हळू आवाजात होत नाही. हिनं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. ‘पंख्याची वायर!’ ती ओरडली. ‘मला झोप येत नव्हती! मी काढली! तुमच्या हातनं नाही बिघडलं!’ वरच्या मजल्यावरची दारं उघडली. गोजराबाई जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी भांडतंय असं वाटून मी धावत दारात गेले.

ती डब्यापुढे बसून रडत होती, पिन हातात. आण्णा तिच्याकडे बघत होते. मला वाटलं आता चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं, तिला तेवढंच हलकं वाटलं असतं.

‘म्हंजी,’ त्यांनी सावकाश विचारलं, ‘म्या न्हाई बिघाडलं?’

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

‘माझ्या हातनं न्हाई झालं?’ त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. सुटका झालेल्या माणसासारखे ते हसले, डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हसू आवरून, एखादी मोठी गोष्ट मागावी तसे संकोचून म्हणाले, ‘पोरी, मनीषला तेवढं सांगशील का? माझ्या हातनं नव्हतं म्हनून?’

ती हो म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून सगळ्या जिन्यादेखत तिला ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.