ती वर आली की आम्ही जातो

"साडी नेसून ये. आणि सुनावणीत एवढं शुद्ध बोलू नकोस. गावाकडचं बोल. हाय, न्हाई, तसलं. येतं ना अजून?"

सर मला म्हणाले, आणि त्यांच्या नारायण पेठेतल्या दिवाणखान्यात सगळे हसले. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ती मी खाली ठेवली.

सर म्हणजे आमच्या कयाकिंग क्लबचे संस्थापक. कयाक ही एका माणसाची अरुंद होडी. तिच्यात कमरेपर्यंत घुसून बसायचं आणि दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्यानं खळाळत्या पाण्यातून खडक चुकवत उतरायचं. क्लबात डॉक्टर, आर्किटेक्ट, वडिलोपार्जित धंदेवाले. मी हिंजवडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. धायरीत भाड्याची खोली, सकाळी कंपनीची बस. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी हे दबक्या आवाजात सांगत नाही.

आणि क्लब ज्या नदीवर जायचा, ती माझ्या गावची नदी.

त्या नदीवर वीजप्रकल्प येणार होता. वर बांध, बांधातून बोगदा, खाली वीजघर. पाणी बोगद्यातून जाणार, मधला पट्टा कोरडा. त्या पट्ट्यातच आमचं गाव आणि त्यातच क्लबचे लाडके खळाळ. सुरुवातीला सर विरोधात होते. नदी वाचवा म्हणून टी-शर्टही छापले. मग ते कंपनीच्या लोकांबरोबर जेवले आणि तोडगा निघाला. सुट्टीच्या दिवशी सकाळी कंपनी बांधातून पाणी सोडणार, क्लब त्यात होड्या घालणार. पाणी अचानक येणार म्हणून दोन्ही काठांना कुंपण. कुंपणाला गेट. गेटवर पास. पास क्लबला. गावाला मनाई, आणि तीही म्हणे गावाच्याच काळजीपोटी.

फक्त जनसुनावणीत एखाद्या स्थानिकानं उठून "आमची हरकत नाही" म्हणायला हवं होतं. ती स्थानिक मी.

"माझे वडील मासे कुठे धरतील, सर?"

"अगं, मासे बाजारात मिळतात."

"विकत घेणाऱ्याला मिळतात."

"बरं, बरं. घरी विचार कर," सर म्हणाले, आणि पोह्यांवर आणखी खोबरं मागवलं.

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. कारण या लोकांनी मला मान दिला आहे, अशी माझी समजूत होती. ती कशी झाली ते सांगते.

आम्ही भोई. बाप जाळं टाकायचा, आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायची. पाटलाच्या ओसरीवर आम्हाला बसायला मिळत नव्हतं. मासळी घ्यायची ती लांबून, पैसे टाकायचे ते वरून. शाळेत माझ्या शेजारच्या मुलीनं बाकाच्या मधोमध खडूनं रेघ ओढली होती. वास येतो म्हणून. बाईंनी ती पाहिली, पुसली नाही. पण वर्षातून एक दिवस आमचा. पूर ओसरला की गाव नदीची ओटी भरतं, आणि त्या वर्षीचं पाण्यातलं पहिलं पाऊल आमच्या घरानं टाकायचं. ते पडल्याशिवाय पाटलाचा बैलसुद्धा पाण्यात जात नाही. सगळं गाव काठावर हात जोडून उभं राहतं. एवढा एकच मान आमच्या वाट्याला आला, म्हणून आम्ही तो जिवापाड जपला.

क्लबात प्रत्येक खळाळाशी सर म्हणायचे, "तू आधी उतर." प्रत्येक वेळी. मला वाटायचं, ओळखलं यांनी. ही नदी हिची आहे, हे मानलं. मी ताठ मानेनं उतरायची. होड्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत माझे चुलतभाऊ वाहायचे. "भोयांना खांद्यावरचं ओझं नवीन नाही," सर म्हणायचे. पालखीत बसलेल्याला विनोद बरे सुचतात. तेही मी गिळलं. मला पहिलं उतरायला मिळत होतं ना.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी सर प्रकल्पाच्या कंपनीतल्या एका साहेबांना नदी दाखवायला घेऊन आले. चकचकीत बूट, गळ्यात कॅमेरा. गावाखालच्या खळाळात त्या पावसाळ्यात दरड कोसळली होती. पाणी कुठून वळतंय, खाली काय अडकलंय, कुणालाच दिसत नव्हतं.

"तू आधी उतर."

मी उतरले. दुसऱ्याच धारेला होडी उलटली. डोकं खाली, खांदा खडकावर. वल्हं मारून सरळ व्हायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पुन्हा केला, जमलं. खालच्या डोहात बाहेर पडले, होडी खांद्यावर घेतली आणि काठाकाठानं वर आले. नाकातून पाणी गळत होतं, खांद्याचं कातडं लोंबत होतं. दोघं माझ्याकडे पाठ करून उभे होते.

साहेब म्हणत होते, "जरा धोक्याचंच दिसतंय हे."

"अहो, आपण काळजी करू नका," सर म्हणाले. "आमची पद्धत सोपी आहे. आधी ती जाते. ती वर आली की आम्ही जातो."

"आणि नाही आली तर?"

"तर आम्ही चहा पिऊन घरी जातो."

दोघं मोकळेपणानं हसले. त्यांना अहो आणि आपण. मी ती. खोल पाण्यात खुपसून पाहायची काठी असते ना, ती.

मी होडी खडकावर आपटली. सर वळले. "अगं, हळू! इंपोर्टेड आहे."

खांद्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

त्या दुपारी घरी आबा, माझे वडील, माझ्या खांद्याला हळद लावत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हळदीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरी, मान देणारा बी मागंच हुबा ऱ्हातो. पर हात जोडून ऱ्हातो. चा पीत न्हाई."

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात. मांडव, टेबल, टेबलामागे अधिकारी. पहिल्या रांगेत सर आणि साहेब शेजारी शेजारी. मागे सतरंजीवर गाव. मी साडी नेसले नाही. ऑफिसला जाते त्याच कपड्यांत गेले. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. माझं नाव पुकारलं.

मी म्हणाले, "माझी हरकत आहे. बांधालाही आणि कुंपणालाही. हा काठ आमचा रस्ता आहे, आमचं शेत आहे, आमचं स्मशान आहे. माझ्या आईची राख याच पाण्यात सोडली. पाणी बोगद्यात घालायचं, उरलेलं सुट्टीच्या दिवशी क्लबला द्यायचं आणि आम्ही तारेपलीकडून बघायचं, हे मला मान्य नाही."

मग सर उठले.

"हे तिचं वैयक्तिक मत आहे. आणि मुळात ती इथली रहिवासी नाही. धायरीला राहते. नोकरी हिंजवडीला. स्थानिकांच्या वतीनं तिनं बोलू नये."

सकाळपर्यंत मी स्थानिक होते. साडीसकट. हो म्हणणार होते तोवर गावची, नाही म्हणाल्याबरोबर परकी.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं होतं. मी टेबलापाशी गेले.

"सरांनी मला गावाकडचं बोलायला सांगितलं होतं. बोलते. म्या भोयाची पोर हाय. ही नदी माझी हाय. आन् माझी हरकत हाय. लिवून घ्या, सायब."

मागे सतरंजीवर आधी बायका हसल्या. मग कुणीतरी ओरडलं, "माझी बी हाय!" मग दुसरी. मग आबा उठले. माझा बाप आयुष्यात कुठल्याही साहेबासमोर स्वतःहून उठलेला मी पाहिला नव्हता. "माझी बी," एवढंच म्हणाले, आणि पेन चालू होईपर्यंत खाली बसले नाहीत.

सर जाताना माझ्याजवळ थांबले. "क्लबनं तुला काय काय दिलं, जरा आठवून बघ."

"खांदा बघते रोज," मी म्हटलं.

यानं प्रकल्प रद्द झाला असं कुणी समजू नये. हरकती नोंदल्या गेल्या आणि फाइल पुढे सरकली. मला क्लबातून काढलं. वर बांधाच्या जागी सुरुंग लागतात, आमच्या घराची भांडी वाजतात. काठावर कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणून झालेत.

मी दर शनिवारी धायरीहून निघते आणि एसटीनं गावी जाते. गावातल्या मुली जमवते. भोयांच्या, पाटलांच्या, ज्या येतील त्या. त्यांना खळाळात पोहायला शिकवते, भर उन्हात, खड्ड्यांच्या पलीकडे. कंपनीनं ठेवलेला वॉचमन आमच्याच शेजारच्या गावचा आहे. तो वरून हाक मारतो, "ताई, इथं मनाई हाय. सायबाला काय सांगू?"

"सांग, बायका पाण्यात आहेत."

पाणी ते बोगद्यात घालतील. पैसा त्यांच्याकडे आहे, कागद त्यांच्याकडे आहेत. घालतीलही. पण काठावरून आम्ही हलणार नाही. पास मागणार नाही, गेट उघडा म्हणून हात जोडणार नाही. खांब रोवायला येतील तेव्हा आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असू. ज्याला आम्हाला बाहेर काढायचं असेल, त्यानं बूट काढावेत आणि आत यावं.