भाऊजींचे हुशार नळ

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मी कारकून आहे त्याच कारखान्यात देखभालीचं बघतात. बघतात म्हणजे नुसतेच बघतात. ताईने “अहो, हात!” म्हणून ओरडल्याशिवाय जेवणाआधी बेसिनकडे न वळणाऱ्या या गृहस्थाने कारखान्याच्या सामायिक स्वच्छतागृहात हात पुढे केला की आपोआप सुरू होणारे नळ आणि साबणाची यंत्रं बसवली. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. पाण्याची बचत, जंतूंचा नायनाट, आणि वर स्वतःचीच टिमकी.

सोमवारी मोठे साहेब पाहायला येणार, म्हणून शनिवारी निघताना स्वारीला सजावटीची हुक्की आली. प्रत्येक नळाखाली एकेक फुलझाडाची कुंडी ठेवून भाऊजी घरी गेले. नळाला कसली अक्कल? समोर आलं ते हातच! रविवारभर पाणी धो धो वाहिलं आणि गच्चीवरची टाकी कोरडीठाक पडली.

सोमवारी साहेबांनी साबण घेतला, फेसाळलेले हात नळाखाली धरले आणि तसेच उभे राहिले.

भाऊजी छाती फुगवून म्हणाले, “बघितलंत साहेब? एक थेंब वाया जात नाही!”