काळ्या वाळवंटातली आरोळी

समस्त नातेवाईक, शेजारी आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर 'मग, जपानमध्ये काय काय पाहिलंत?' असं विचारणाऱ्या तमाम हितचिंतकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जपानमध्ये वाळवंट आहे. ते काळं आहे. ते डोंगरावर आहे. आणि गेल्या वर्षी ऐन दुपारी मी तिथे माझा नवरा हरवला.

हे मी कुठेही सांगितलं की लोक वाळवंटावरच अडतात. 'जपानमध्ये? वाळवंट? काहीतरीच!' नवऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

तर आधी वाळवंट. टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात ओशिमा नावाचं बेट आहे. बेट कसलं, पाण्यातून वर आलेला ज्वालामुखीच तो. त्याच्या एका अंगाला राखेचा आणि करपलेल्या खड्यांचा असा काही पसारा पडलाय की तिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं. जपानच्या नकाशावर 'वाळवंट' हा शब्द म्हणे तेवढ्या एकाच जागी छापलेला आहे. आत सायकल न्यायला बंदी आहे, पण त्याच्या काठापर्यंत एक कच्चा रस्ता चढत जातो. रस्ता हा आपला सौजन्याने वापरलेला शब्द.

आता नवरा. आमचे हे टोकियोतल्या तोयोसुच्या एका ऑफिसात संगणकाशी भांडतात. तरुणपणी सह्याद्रीतला एक किल्ला सोडलेला नाही. जंगलात नुसतं खुट्ट झालं की 'हा अमुक पक्षी, ही तमुक प्राण्याची मादी' असं सांगून मोकळे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी हृदयात स्टेंट घातला. तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, डोंगर चढा, काही हरकत नाही. त्यांची हरकत नव्हती. माझी होती.

मी विचारायचे, 'बरं वाटतंय ना?' चहा देताना विचारायचे. ते आंघोळीला गेले की दाराबाहेरून विचारायचे. ऑफिसला मेसेज करायचे. मुलीलाही विचारायचे, 'बाबांना बरं वाटतंय ना गं?' ती 'दाइजोबु' म्हणून स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायची. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. पण तिच्या तोंडी तो 'आई, पुरे' असा असायचा.

एका रविवारी ह्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "मला एक दिवस दे. तो रस्ता मला चढायचाय, पुढे एकट्याने. तू ये, पण मागून. आणि दिवसभर काहीही विचारायचं नाही."

"आणि काही झालं तर?"

"बघ, सुरुवात झाली तुझी."

ते हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. मला तेव्हा उमगलं की हा माणूस आजाराला नाही, मला कंटाळलाय. मी शब्द दिला.

मग आम्ही दोन सायकली पिशव्यांत गुंडाळून खांद्यावर घेतल्या. तसं केल्याशिवाय इथे ट्रेनमध्ये सायकल घेत नाहीत. घराजवळच्या ग्योतोकु स्टेशनच्या फलाटावर आम्ही दोघं दोन प्रेतं पळवून नेत असल्यासारखे दिसत होतो. त्यानंतर बोट. बोटीत मी एकही प्रश्न विचारला नाही. 'समुद्र छान आहे' म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

रस्ता सुरू झाला तो झाडांमधून. पावसाने मधोमध घळ पाडलेली, दोन्ही बाजूंना काळे, पोकळ खडे. पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरायचं, एखाद्या सरकारी फायलीसारखं. हे पुढे, मी मागे. त्यांची पाठ मला दिसत होती आणि त्या पाठीकडे पाहून श्वास मोजायचा नाही, असं मी मनाला बजावत होते. थोड्या वेळाने झाडं बुटकी झाली, मग संपलीच, आणि समुद्रावरून धुकं आलं. आलं म्हणजे कुणीतरी सपकन चादर टाकावी तसं. पाठ दिसेनाशी झाली.

हाक मारावी का? हाक हा प्रश्न आहे का? यावर मी बराच वेळ गोंधळले. शेवटी ठरवलं की हाक हा प्रश्नच आहे, आणि गप्प बसले.

पुढे एका टेकाडापाशी रस्त्याला दोन फाटे फुटले. टेकाडाला डावी-उजवीकडून वळसा घालून ते वर परत एक होतात, हे ह्यांनी नकाशावर दाखवलं होतं. वर रस्ता संपतो, तिथे भेटायचं ठरलं होतं. हे कुठून गेले असतील? मी उभी राहिले.

आणि डावीकडून आरोळी आली.

घसा खरवडून काढलेली, शेवटी फाटलेली. माझ्या नवऱ्याला तसं ओरडताना मी एकदाच ऐकलं होतं, पायावर गरम कुकर पडला तेव्हा. तोच आवाज, तोच शेवट. मी डाव्या फाट्याला लागले. सायकल चालत नव्हती, म्हणून ढकलली. ढकलता ढकलता पडले. तोंडात राख गेली. मनात एकच: मी विचारलं नाही. दिवसभरात एकदाही विचारलं नाही.

आरोळी पुन्हा आली, अगदी जवळून. धुक्यातून रस्त्याच्या मधोमध एक आकृती दिसली. बरीच बुटकी. कुत्र्याएवढं, तपकिरी, पाठीला पोक काढलेलं एक हरिण. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने तोंड उघडलं आणि ते माझ्या नवऱ्याच्या आवाजात ओरडलं.

खोटं कशाला सांगू, मी क्षणभर "अहो?" म्हणाले.

ते भेकर होतं. आपल्याकडच्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. कधीकाळी कुठल्याशा कुंपणातून निसटून बेटभर पसरलेली ही जात. हरणाने नवऱ्याच्या आवाजात ओरडायचं आणि बायकोने हबकायचं, हा प्रकार आपल्याकडे युगानुयुगं चालत आलाय. त्या माउलीजवळ निदान पाठवायला दीर तरी होता. माझा दीर कोथरूडला. त्या वेळी बहुधा पोहे खात होता.

मी हसत सुटले. रस्त्यावर बसून, राखेत, एकटीच. भेकर निघून गेलं. त्यालाही ते बरं वाटलं नसावं.

हसू ओसरलं आणि मग माझ्या ध्यानात आलं की ओरडलं ते भेकर होतं, म्हणजे नवरा कुठे आहे हे मला अजूनही ठाऊक नव्हतं.

घाईघाईने वर गेले. फाटे एक झाले, रस्ता संपला, आणि तिथे ह्यांची सायकल आडवी पडलेली. स्टँडवर नाही, आडवी. पाण्याची बाटली जागेवर. हे नाहीत. पुढे नुसतं काळं, आणि त्याच्यावर पांढरं. ते वाळवंटात गेले असतील? का म्हणून? पाणी न घेता? छातीत दुखलं तर माणूस चालत जातो की आडवा होतो? आडवा झाला असेल तर कुठे? मी उजव्या फाट्याकडे चार पावलं गेले, परत आले, वाळवंटाकडे गेले, परत आले. बायकोने कुठल्या दिशेला धावावं तेच कळेना. आता मात्र मी दिलेला शब्द गेला खड्ड्यात, असं म्हणून सगळा जीव गोळा करून ओरडले, "अहोऽऽ!"

उत्तर भेकराने दिलं.

आणि मग पावलं वाजली. खड्यांवर, धावती, माझ्या मागून, मी ज्या रस्त्याने वर आले त्याच रस्त्याने. कुणीतरी त्या चढावर जीव तोडून पळत येत होतं. धुक्यातून आधी हेल्मेट दिसलं, मग हे. आरोळी त्यांनीही ऐकली होती. सायकल टाकून ते उजव्या फाट्याने खाली धावले होते, मी सापडले नाही म्हणून डाव्याने वर. स्टेंट घातलेला माणूस, अख्ख्या टेकाडाला धावत वळसा घालून.

ते माझ्यापुढे थांबले. हात गुडघ्यांवर होते, छातीवर नव्हते. चेहरा लाल होता, पांढरा नव्हता. हे सगळं मी बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी माझं राखेने माखलेलं तोंड पाहिलं, हात पाहिले, पाय पाहिले, सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री करून घेतली, श्वास पुरेना तरी बोट माझ्यावर रोखलं आणि ओरडले, "अगं, काय घाणेरडं ओरडतेस तू!"